भारतीय पासपोर्ट आणि इंग्लंडची ज्युरी

पायवाट (धागाकर्ता)

मागच्या वर्षी घरी एक लिफाफा आला. कौन्सिल टॅक्सचं काहीतरी असेल म्हणून दोन दिवस फ्रिजवर पडून होता. उघडला तर ज्युरीचं बोलावणं! बायको म्हणाली, "अरे पण तू भारतीय नागरिक आहेस ना?" मलाही वाटलं, चुकून आलं असणार. फोन लावला. पलीकडच्या बाईंनी न कंटाळता समजावलं. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे रीतसर राहत असले तर मतदार यादीत नाव घालू शकतात. यादीत नाव, वय १८ ते ७५, आणि तेराव्या वर्षानंतर सलग पाच वर्षं इथे वास्तव्य, एवढं जमलं की ज्युरीला पात्र. फार तर एकदा पुढे ढकलून मिळेल, म्हणाल्या.

म्हणजे बघा, ज्या देशाचा मी नागरिक आहे तिथे माझ्या जन्माच्या आधीच ज्युरी बंद झाली. आणि ज्या देशाचा मी नागरिक नाही, तिथे एका माणसाचा निकाल माझ्या हातात.

मिडलँड्समधलं क्राऊन कोर्ट. सकाळी साठ-सत्तर जण एका हॉलमध्ये, यंत्रातला चहा, जुनी मासिकं. आमच्यातल्या पंधरा जणांना वर नेलं. कारकून बाईंनी पत्ते पिसतात तशी कार्डं पिसली आणि एकेक नाव पुकारलं. माझं आडनाव तीनदा अडखळून चौथ्यांदा सोडूनच दिलं, नुसत्या नावावर भागवलं. बारा जण दोन रांगांत बसलो, उरलेले तिघे परत खाली. न्यायाधीश जांभळ्या झग्यात, खांद्यावरून लाल पट्टा, डोक्यावर तो केसांचा टोप. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी कामाची वाटणी सांगून टाकली: कायदा काय आहे ते मी सांगणार आणि तुम्ही ते ऐकायचं, घडलं काय ते तुम्ही ठरवणार आणि त्यात मी पडणार नाही.

मारामारीचं प्रकरण होतं, चार दिवस चाललं. मध्येच कायद्याचा मुद्दा निघाला की आम्हाला बाहेर पिटाळायचे. दर वेळी वाटायचं, आत्ता आत जे चाललंय तीच खरी मजेची गोष्ट असणार.

शेवटी न्यायाधीशांनी प्रत्येकाला एक कागद दिला. त्याला इथे 'रूट टू व्हर्डिक्ट' म्हणतात. त्यावर प्रश्न क्रमाने लिहिलेले. आरोपीने मारलं याची खात्री आहे का? नसेल तर थांबा, निर्दोष. असेल तर पुढचा प्रश्न: स्वतःला वाचवण्यासाठी मारलं नव्हतं याची खात्री आहे का? आपल्याकडचं ते "वाजवी संशयापलीकडे" इथे आता ज्युरीला सांगत नाहीत. "तुमची खात्री पटली पाहिजे" एवढंच सांगतात.

मग खोलीत. फोन काढून घेतले, दारावर शपथ घेतलेला बेलिफ. आधी निकाल एकमतानेच हवा. निदान दोन तास दहा मिनिटं गेल्याशिवाय न्यायाधीश दहा-दोनची, म्हणजे दहा जणांच्या बहुमतावर निकाल द्यायची, मुभा देत नाहीत (ही मुभा १९६७ पासूनची). आणि यातही एक गंमत आहे. बहुमताने दोषी ठरवलं तर किती विरुद्ध किती ते खुल्या कोर्टात विचारतात. निर्दोष म्हटलं तर आकडा विचारतच नाहीत, म्हणजे सुटलेल्या माणसाच्या मागे "दोघांना पटलं नव्हतं हं" असं शेपूट राहू नये.

खोलीत काय बोललो ते सांगणं इथे गुन्हा आहे, तेव्हा कृपया खोदून विचारू नका.

पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यातून जात नाही. निकाल म्हणून आम्ही फक्त शब्द दिला. का, कशावरून, कुठला साक्षीदार पटला नाही, एक ओळसुद्धा कुठे लिहिलेली नाही. आपल्याकडे खालच्या फौजदारी कोर्टातला मॅजिस्ट्रेटसुद्धा चार पानं कारणं लिहितो. हे बरोबर आहे का? इथे कायद्यातली बरीच मंडळी आहेत, म्हणून हा धागा.

---

कौलारू

जबरी अनुभव! आपल्याकडे नानावटी खटल्याने ज्युरीचा निकाल लावला ते बरंच झालं म्हणायचं. आठ विरुद्ध एकने खुनी सोडला होता.

---

ॲड_साधना

कौलारू, हे वाक्य आमच्या बाररूममध्येही आठवड्यातून एकदा ऐकू येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२७ एप्रिल १९५९ ला नौदलातल्या कमांडर नानावटींनी बायकोच्या प्रियकरावर, प्रेम आहुजावर, गोळ्या झाडल्या. पण ज्युरी बंद करा अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच केली होती, सेटलवाड अध्यक्ष असताना. म्हणजे पिस्तूल बाहेर निघायच्या आधीच ज्युरीच्या तिरडीची तयारी चालू होती. आणि नानावटीनंतरही ती लगेच गेली नाही. काही ठिकाणी चालूच राहिली. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली, त्यात तिला जागाच ठेवली नाही. तेव्हा "शेवटचा ज्युरी खटला" हे सिनेमावाल्यांना सोडून द्या.

आता खरा मुद्दा. जुन्या संहितेत कलम ३०७ होतं: ज्युरीचा कौल न्यायाधीशाला पटला नाही तर तो प्रकरण हायकोर्टाकडे पाठवू शकत असे. सेशन्स जज मेहतांनी तेच केलं. हायकोर्टात सरकारतर्फे यशवंतराव चंद्रचूड उभे राहिले, हो, पुढे सरन्यायाधीश झाले तेच. हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पण निकालपत्र वाचलंत तर दिसेल, हायकोर्टाने फक्त ज्युरीला नावं ठेवलेली नाहीत. जजसाहेबांनी ज्युरीला ज्या सूचना दिल्या त्यातच चुका होत्या असं म्हटलंय. "अपघाताने गोळी सुटली" हा बचाव असेल तर तो सिद्ध करायचा भार कुणावर, अशा मूलभूत बाबतीत. पायवाट यांना मिळाला तसा स्वच्छ कागद त्या नऊ जणांना मिळाला असता तर? माहीत नाही. पण शिव्या फक्त त्यांनाच बसल्या.

---

घाटमाथा

+१ साधनाताई. टॉवेलचा मुद्दाही भारी आहे त्यात. आहुजा आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आला होता. बचाव असा की झटापटीत गोळ्या सुटल्या. सरकार पक्ष म्हणाला, झटापट झाली असती तर टॉवेल जागेवर राहिला असता का? तो तसाच कमरेला होता. ज्युरीला हे पटलं नाही, हायकोर्टाला पटलं. आणि तिकडे मुंबईच्या रस्त्यांवर फेरीवाले आहुजा टॉवेल आणि नानावटी पिस्तुलं विकत होते. २५ पैशांचा ब्लिट्झ दोन रुपयांना जात होता म्हणे. अशा हवेत ज्युरी काय डोंबल तटस्थ राहणार?

---

निळूभाऊ

माझं स्पष्ट मत. सामान्य माणसाला पुरावा कळत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक पार्किंगवरून काय बोलतात ते ऐका आणि मग ठरवा, यांच्या हातात फाशी द्यायची का. जज शिकलेला असतो.

---

पायवाट

निळूभाऊ, तुमच्या बाजूने एक किस्सा मीच देतो. १९९४, इंग्लंडमधलं होव्ह. दुहेरी खुनाचा खटला. ज्युरीला रात्री ब्रायटनच्या हॉटेलात ठेवलं होतं. तिथे चौघांनी ग्लास आणि कागदाचे कपटे घेऊन प्लँचेट केलं आणि मयतालाच विचारलं, तुला कुणी मारलं? दुसऱ्या दिवशी निकाल: दोषी. प्रकार बाहेर आल्यावर अपील कोर्टाने तो रद्द करून पुन्हा खटला चालवायला लावला. दुसऱ्या ज्युरीने ग्लासाशिवायच पुन्हा दोषी ठरवलं.

यातली कायद्याची मेख बघा. ज्युरीच्या खोलीत काय घडलं याची चौकशी करायला तेव्हा कोर्टालाही मनाई होती. मग प्लँचेटची चौकशी झाली कशी? तर ते हॉटेलात घडलं, खोलीत नाही, म्हणून! खोलीत ग्लास फिरवला असता तर प्रकरण तिथेच दबलं असतं.

---

वाळवण

हसून हसून पुरेवाट. आणि आपल्याकडे 'साक्षीदार फितूर' म्हणतात, तिथे मयतसुद्धा फितूर झाला असता तर?

---

बोस्टनकर

अमेरिकेतून. ग्रीन कार्डवर होतो तेव्हा दोनदा बोलावणं आलं, दोन्हीदा "नागरिक नाही" वर खूण करून परत पाठवलं. नागरिक झाल्यावर तिसऱ्यांदा आलं तेव्हा गेलो आणि तासाभरात घरी. इथे वकील आधी प्रश्न विचारतात: पोलिसांवर विश्वास आहे का, कधी चोरी झालीय का, नातेवाईक वकील आहेत का. काहींना कारण देऊन वगळता येतं, आणि ठरावीक जणांना कारण न देता. मी त्या दुसऱ्या यादीत गेलो. कारण अर्थातच कळलं नाही :)

हा विनोदाचा भाग सोडला तर याच कारण न देण्याने इथे फार पाप झालंय. १९८६ च्या बॅट्सन निकालापासून वंशावरून वगळायला बंदी आहे, पण कारण विचारलं की वकील काहीतरी ठोकून देतात. मिसिसिपीत फ्लॉवर्स नावाच्या माणसावर एकाच प्रकरणात सहा वेळा खटला चालला, सरकारी वकील दर वेळी तोच. सहा खटल्यांत मिळून ४२ कृष्णवर्णीय उमेदवारांपैकी ४१ त्याने वगळले. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. लुईझियाना आणि ऑरेगॉनमध्ये २०२० पर्यंत एकमताची अटच नव्हती, दहा-दोनने माणूस जन्मभर आत. लुईझियानाचा नियम आला तोच मुळी ज्युरीत आलेल्या एक-दोन काळ्या माणसांचं मत निरुपयोगी करायला.

आणि हे सगळं ज्यांच्यापर्यंत पोचतं त्यांचं. केंद्रीय कोर्टांत जवळपास नव्वद टक्के आरोपी आधीच गुन्हा कबूल करून सौदा करतात. टीव्हीवर दिसते ती ज्युरी बहुतेकांच्या नशिबी येतच नाही.

---

दादरचे_आजोबा

तुम्ही सगळे परदेशात हिंडताय, म्हणून जरा हायकोर्टाच्या ४६ नंबर कोर्टात चला. १९०८, टिळकांचा खटला. न्यायमूर्ती दावर. गंमत म्हणजे १८९७ च्या खटल्यात हेच दावर टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते! आता खुर्ची बदलली होती. ज्युरीत नऊ जण: सात युरोपियन, दोन पारशी. खटला कशावर? केसरीतल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवर. मराठीतले लेख, आणि ज्युरीला मराठी येत नाही! सगळी भिस्त सरकारी भाषांतरावर. टिळक स्वतः एकवीस तासांवर बोलले, त्यातला कितीतरी वेळ मराठी शब्दाचा अर्थ काय आणि भाषांतरात काय केलाय हे सांगण्यात गेला. निकाल २२ जुलैच्या रात्री, सात विरुद्ध दोन. सात कोण ते मी सांगायला नको. सहा वर्षं काळं पाणी, म्हणजे मंडाले. ज्युरीने दोषी ठरवलं तरी मी निर्दोषच आहे, हे त्यांचं उत्तर आज त्याच कोर्टात दगडात कोरलेलं आहे, १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते लागलं.

"आपल्या बरोबरीच्यांनी न्याय करायचा" हे ज्युरीचं ब्रीद. बरोबरीचे म्हणजे कोण, हे मात्र सरकार ठरवणार. आणि बरं का, जिथे तेवढीही जोखीम नको होती तिथे ज्युरीच काढून टाकली. जॅक्सन प्रकरणात सावरकरांपुढे तीन न्यायाधीशांचं खास न्यायमंडळ होतं, ज्युरी नाही आणि अपीलही नाही.

---

म्युनिकची_माई

आजोबा, दंडवत.

जर्मनीत तिसरीच तऱ्हा आहे. इथे १९२४ मध्ये ज्युरी गेली, पण सामान्य माणूस गेला नाही. त्याला न्यायाधीशाच्या शेजारी बसवलं. 'शोफेन' म्हणतात. पाच वर्षांची नेमणूक. खालच्या कोर्टात एक न्यायाधीश आणि दोन शोफेन. दोषी ठरवायला दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणजे तिघांत दोन. गणित करा: दोघे शोफेन मिळून न्यायाधीशाला हरवू शकतात! आमच्या शेजारच्या आजी एक टर्म शोफे होत्या. (नागरिकच लागतो, त्यामुळे मी नाही.) त्या म्हणायच्या, पहिले सहा महिने न्यायाधीश बोलले की मी मान हलवायची. मग एकदा बेकरीतल्या पाळ्यांच्या वेळेवरून साक्ष होती. त्यांनी तीस वर्षं बेकरीत काढलेली. पहाटे चारला तिथे कुणी "निवांत गप्पा मारत" नसतो, हे त्यांनी सांगितल्यावर न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. नंतर निकाल लिहितात मात्र न्यायाधीशच, कारणांसकट. अगदी त्यांचं स्वतःचं मत हरलं असलं तरी.

पायवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर युरोपात असं शोधलंय: मत सगळ्यांचं, कारणं कागदावर. फ्रान्समध्ये तीन न्यायाधीश आणि सहा नागरिक एकत्र बसतात, अपिलात नऊ नागरिक. पूर्वी तिथेही "तुमच्या अंतर्मनाची खात्री पटली का" एवढंच विचारत, पण २०१२ पासून दोषी ठरवलं तर कारणं लिहावी लागतात. स्पेनमध्ये तर नऊ जणांच्या ज्युरीनेच थोडक्यात कारण द्यायचं असतं.

अर्थात फ्रान्सने आता बऱ्याच बलात्काराच्या खटल्यांतून ज्युरी काढलीय, वेळ वाचावा म्हणून. पाच न्यायाधीश बसतात. अविन्योंचा पेलिको खटला त्यांच्यापुढेच चालला, ५१ आरोपी. एकाने अपील केलं तेव्हा नीमला नागरिकांची ज्युरी आली आणि त्याची शिक्षा नऊवरून दहा वर्षं झाली. निळूभाऊ, सामान्य माणूस ढिलाच असतो असं नाही.

---

निळूभाऊ

बेकरीवाल्या आजी मान्य. पण आपल्याकडे जात बघून मत देणार नाहीत याची हमी कोण देतं?

---

ॲड_साधना

कुणीच नाही. म्हणूनच मी "ज्युरी परत आणा" म्हणणाऱ्यांत नाही. पण "जज आहे म्हणजे झालं" या समजुतीलाही जरा टाचणी लावते.

आमच्याकडे रोज सकाळी बोर्डावर चाळीस-पन्नास प्रकरणं. साक्षीदार तालुक्याहून पहाटेच्या एसटीने आलेला, भाकरीचं फडकं मांडीवर. साडेचारला त्याला कळतं, आज होणार नाही, पुढची तारीख. तिसऱ्या तारखेला उभा राहतो. तो म्हणतो, "सायेब, त्यो अंगावर धावला तवा म्या मागं सरलो." स्टेनोच्या पडद्यावर उमटतं, "साक्षीदार घाबरून मागे सरकला." घाबरून हा शब्द त्याचा नाही. पुढे उलटतपासणीत याच 'घाबरून'वर अर्धा तास जातो. आजोबांनी भाषांतराचं सांगितलं ना, तो प्रश्न १९०८ ला संपलेला नाही.

मग बदली. सरतपासणी एका साहेबांपुढे, उलटतपासणी दुसऱ्यांपुढे, निकाल तिसरे लिहिणार. कायद्यात ते चालतं, आधीच्या न्यायाधीशाने नोंदवलेल्या पुराव्यावर नंतरचा निकाल देऊ शकतो. १९७३ च्या संहितेत कलम ३२६ होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तरतूद आहे. म्हणजे ज्यांनी कारणांची साठ पानं लिहिली त्यांनी त्या माणसाचा चेहरा पाहिलेलाच नसतो. पायवाट, तुमच्या बारा जणांनी कारण दिलं नाही, पण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ते त्याच खुर्च्यांवर होते. मला दोन्ही हवंय, आणि कुठल्याच एका कोर्टात ते मिळत नाही.

तरी निवड करायची वेळ आलीच तर मी कारणं निवडेन. कारण असेल तर मला त्यावर बोट ठेवून अपील करता येतं. नुसत्या "दोषी"वर बोट कुठे ठेवू?

---

बोस्टनकर

बरोबर आहे, म्हणून इथे अपिलात सगळा मारा न्यायाधीशाने ज्युरीला काय सांगितलं त्यावर असतो. ज्युरी बोलत नाही, मग जो बोलला त्याला धरा. तुमच्या नानावटीतही तेच झालं की!

---

सुमिदाकाठी

तोक्योहून दोन ओळी. इथे २००९ पासून गंभीर गुन्ह्यांत तीन न्यायाधीश आणि सहा नागरिक. बहुमत लागतं, पण त्यात निदान एक न्यायाधीश हवाच, नुसत्या नागरिकांच्या बळावर कुणी दोषी ठरत नाही. ऑफिसातला सहकारी जाऊन आला. आत काय झालं ते जन्मभर बोलायचं नाही. बायकोलाही नाही. तो नंतर बरेच दिवस जेवणाच्या सुट्टीत गप्प असायचा, पुरावा म्हणून फोटो दाखवतात ना.

---

घाटमाथा

अवांतर: मुंबईत अजून ज्युरी आहे हे कुणाच्या लक्षात आलं का? पारशी घटस्फोट! १९३६ च्या पारशी विवाह कायद्याखाली हायकोर्टात पारशी मॅट्रिमोनियल कोर्ट बसतं. त्यात समाजातले पाच 'डेलिगेट' असतात, पूर्वी सात होते. वस्तुस्थितीचा कौल ते देतात.

---

दादरचे_आजोबा

घ्या! म्हणजे खुनाला ज्युरी नको, नवराबायकोच्या भांडणाला पाहिजे. लग्न जास्त गुंतागुंतीचं असतं हे पारशी बांधवांनी आधीच ओळखलं म्हणायचं.

---

सावली

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. पायवाट, खोलीतलं विचारत नाही. पण निकाल तर खुल्या कोर्टातच लागला असेल ना, तो सांगायला काय हरकत आहे? आणि एकमताने की दहा-दोन?

---

पायवाट

हरकत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, दहा-दोनची मुभा मिळाल्यानंतर तासाभराने आम्ही बाहेर आलो. फोरमन म्हणून एक शाळामास्तर होते, त्यांचा हात कठड्यावर होता. कारकून बाईंनी विचारलं, निदान दहा जणांचं एकमत असलेला निकाल झाला आहे का? ते म्हणाले, हो. मग निकाल विचारला, त्यांनी सांगितला.

आकडा विचारला नाही.